जहाजावरच्या आचाऱ्याची ट्रायल

इमारतीतले लोक तिला समोर मावशी म्हणत, आणि ती जिना उतरून गेली की बिनतारी मावशी. संदेश पोचवायला हिला तार लागत नाही, असा त्याचा अर्थ. मावशीला ते नाव पक्कं ठाऊक होतं. वरच्या मजल्यांवर ते तिनंच पोचवलं होतं.

तळमजल्यावर तिची कपडे दुरुस्तीची खोली होती. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, उभा आरसा आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा. नवा कपडा ती शिवत नसे. पँट आखूड करणं, पोटाकडे कोट सैल करणं, मोठ्या बहिणीचा फ्रॉक धाकटीच्या अंगाला बसवणं, ही तिची कामं. "मला स्वतःचं काही सुचत नाही हो," ती गिऱ्हाइकांना सांगे, "दुसऱ्याचं उसवायची अक्कल तेवढी आहे." हे ती कपड्यांबद्दल बोलते आहे असं निदान नवी गिऱ्हाइकं तरी समजत.

लहानपणी आई अंथरुणाला खिळली आणि मावशीची शाळेची शेवटची परीक्षा राहिली ती राहूनच गेली. आता मुलं आपापल्या संसाराला लागल्यावर तिनं शाळेच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं, आणि घरी परतेपर्यंत ते गल्लीभर सांगितलं. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. आता मागं फिरायची सोय उरली नाही. गल्लीत फजिती होऊ नये, हे झालं वरचं कापड. आतलं अस्तर निराळंच होतं. बाकावर बसून, घंटा होईपर्यंत मान खाली घालून, एक तरी पेपर शेवटपर्यंत लिहायचा, एवढं एकच तिच्या मनात होतं. ते मात्र तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. तिच्या हिशेबी हा विक्रमच होता.

परीक्षेला बसायचं तर आधी एक प्रकल्प जमा करायचा होता: स्वतः रचलेली एक छोटी गोष्ट. वर्गाच्या बाई वयानं तिच्या धाकट्या लेकीएवढ्या, पण शिस्तीला कडक. त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. गोष्ट कुणाची, त्याला काय हवंय, काय आडवं येतंय, आणि शेवटी काय होतं. "आधी आराखडा, मग लेखन," बाई म्हणाल्या. "आणि मनानं रचलेलं हवं. ऐकलेलं, घडलेलं, शेजारपाजारचं अजिबात चालणार नाही."

हे सांगताना बाई आपल्याकडेच का बघतायत, ते मावशीला कळलं.

तिला वाटलं होतं, गोष्ट म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ. पण कागद पुढं ओढला आणि डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं झालं. जो कुणी सुचेल तो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मजल्यावर राहणारा निघे. शेवटी तिनं चौकोनांना आपली नावं दिली. पुढा, पाठ, बाही, कॉलर. मग खिडकीतून समोर पाहिलं. समोर एक दुकान कित्येक वर्षं बंद होतं, आणि त्याच्यावरची खोलीही रिकामी. त्या खोलीत तिनं एक माणूस आणून बसवला. जहाजावरून निवृत्त झालेला आचारी. पुढा झाला. त्याला हवी होती त्याची पेटी, जी जहाजावरून उतरवताना राहून गेली. पाठ झाली. पेटी चुकीच्या बंदरात गेली, ही बाही. कॉलर काही सापडेना.

आता मावशीचा धंद्यातला एक नियम होता. ट्रायल घेतल्याशिवाय काम हातावेगळं करायचं नाही. अंगावर चढवून पाहिल्याशिवाय कुठं काचतंय, कुठं ढगळ होतंय हे कळतच नाही. तेव्हा गोष्टीचीही ट्रायल घ्यायची असं तिनं ठरवलं. पुढच्याच सकाळी बेकरीवाल्या वहिनी पडदे घेऊन आल्या.

टाचण्या तोंडात धरून मावशीनं सुरुवात केली, आणि ती झाली तिच्या जन्माच्या सवयीनं. "वहिनी, कुणाला सांगू नका हं. समोरच्या खोलीत एकजण राहायला आलाय."

ही गोष्ट आहे, एवढंच सांगायचं राहिलं. टाचण्या तोंडातून काढल्यावर सांगू म्हणाली; पण तोवर वहिनींचे डोळे असे काही चमकले, की एवढं छान बसलेलं उसवायचं तिच्या जिवावर आलं.

चार दिवसांत आचारी गल्लीत स्थायिक झाला. तो एका पायानं किंचित लंगडतो, हे दूधवाल्यानं सांगितलं. टोपी कधी काढत नाही, हे इस्त्रीवाल्यानं. पेटीत बायकोची पत्रं आहेत, हे वहिनींनी सांगितलं, तेही "कुणाला सांगू नका" म्हणून, आणि मावशीलाच. मावशी एकेक तपशील घरी आणी आणि गोष्टीत बेमालूम जोडून टाकी. गोष्ट अशी अंगासरशी बसली की तिला स्वतःचा हेवा वाटला. शेवट तेवढा राहिला होता, तो नंतर बघू म्हणून तिनं वही बाईंना नेऊन दिली.

दुसऱ्या संध्याकाळी बाईंनी तिला वर्ग सुटल्यावर थांबवलं.

"मावशी, हे काय आहे?"

"गोष्ट, बाई. कॉलर लावायची राहिलीय."

"काय?"

"शेवट, शेवट."

"शेवटाचं राहू दे. मी मनानं रचायला सांगितलं होतं. हा माणूस आमच्या बेकरीच्या समोर राहतो! माझ्या सासूबाई रोज जेवताना त्याच्या पेटीबद्दल हळहळतात. बिचाऱ्याचं दुःख तुम्ही जसंच्या तसं उचललंत?"

"बाई, तो नाहीच आहे. मी रचलाय त्याला."

"मावशी," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "निदान परीक्षेपुरतं तरी खरं बोला. शुक्रवारी प्रकल्प कार्यालयात जातात. दुसरी गोष्ट आणा, नाहीतर तुमचं नाव मला पुढं पाठवता येणार नाही."

मावशी घरी निघाली ती रस्ताभर स्वतःशी हसत, पण डोळ्यांत पाणी. पदरचं घालून सांगते म्हणून सगळ्यांनी तिला आयुष्यभर हिणवलं. आता एकदाच सगळंच्या सगळं पदरचं घातलं, तर म्हणे खरं आहे!

वाटेत ती बेकरीत शिरली. "वहिनी, तो आचारी खोटा आहे. शाळेसाठी मी मनानं बनवलाय."

वहिनी पाव बांधता बांधता खळखळून हसल्या. "तुमचं आपलं बरं असतं मावशी! चांगली बातमी दिसली की म्हणायचं माझीच!"

"अहो, पण तुम्ही त्याला पाहिलंय का?"

"पाहायला कशाला हवं? आमच्याकडून पाव नेतो की."

"कोण देतं?"

"हे देत असतील. नाहीतर मग तो खातो काय?"

मावशी तशीच बाहेर पडली. घरी नवरा रेडिओ उघडून बसला होता. तो जन्मभर लिफ्टची दुरुस्ती करत आला, वर्षाकाठी मोजकंच बोलणारा माणूस. हा तरी आपल्या बाजूनं असेल म्हणून तिनं सगळं सांगितलं.

"रचला असशील तू," तो रेडिओतून मान वर न काढता म्हणाला. "पण काल खिडकीत होता."

मावशीनं कपाळावर हात मारला. मग एकदम तिच्या लक्षात आलं की आपण नुसतं खोटं आहे म्हणून ओरडतोय. तसं ओरडून या गल्लीत आजवर कुणाचं काही खोटं ठरलेलं नाही. ट्रायलच घ्यायला हवी. बाईंच्या डोळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधीच ती बाईंपुढं जाऊन उभी राहिली. "बाई, या आचाऱ्याबद्दल तुम्हीच काहीतरी सांगा. अजून कुणीच न सांगितलेलं, अगदी वेडंवाकडं. आणि उद्यापर्यंत कुणापाशी बोलू नका. माझी मागणी एवढीच."

बाई वैतागल्या होत्या. तरी त्यांनी भुवया उंचावून जरा विचार केला. "त्याच्याकडे कासव आहे."

"कासव," मावशी म्हणाली. "छान. उद्यापर्यंत येईल तुमच्या घरी."

घरी जाताना तिनं बेकरीत फक्त काकडीची चौकशी केली. "आमच्याकडे कुठून काकडी?" वहिनी म्हणाल्या. "मला नको हो," मावशीनं आवाज बारीक केला, "समोरच्याच्या कासवाला. कुणाला सांगू नका हं."

पुढच्या संध्याकाळी बाई वर्गात आल्या त्या तोंडावर रुमाल धरूनच. खुर्चीत बसल्या, हजेरी उघडली, मिटली, आणि त्यांना इतकं हसू फुटलं की मागच्या बाकावरचा पेंगणारा टॅक्सीवाला दचकून जागा झाला. हसू आवरल्यावर त्यांनी मावशीला जवळ बोलावलं.

"सकाळी चहाला सासूबाई म्हणाल्या, कासव कप्तानानं भेट दिलंय. म्हातारं आहे. थंडी सोसत नाही म्हणून आचारी त्याला आपल्या टोपीत निजवतो."

"टोपीत!" मावशी हरखली. "म्हणजे काढतो तर टोपी! हे नव्हतं हो मला सुचलं."

"मलाही," बाई म्हणाल्या. त्यांनी मावशीचं नाव परीक्षेच्या यादीत आपल्या हातानं लिहिलं आणि वही तिच्यापुढं सरकवली. "उद्यापर्यंत शेवट लिहून आणा. आणि मावशी, त्याची ट्रायल नको."

म्हणून शेवट मावशीनं कुणालाच सांगितला नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी, इस्त्रीच्या टेबलावर बसून तिनं तो लिहिला. पेटी येते. आचारी ती उघडत नाही, हातात घेऊन फक्त वजन पाहतो, कासवाला टोपीत घालतो आणि पहाटेच्या बसनं निघून जातो. लिहून झाल्यावर तिनं समोरच्या खिडकीकडे पाहिलं आणि तिला उगीचच भरून आलं. मग स्वतःचंच हसू आलं. मग पुन्हा भरून आलं. वही बंद करून तिनं पिशवीत घातली.

तेवढ्यात बेकरीवाल्या वहिनी धावत आल्या. पायात चपला दोन जोडांतल्या.

"मावशी, ऐकलंत का? कासव हरवलंय त्याचं! कालपासून शोधतोय बिचारा!"

मावशीनं पिशवी खाली टाकली.

"अगंबाई! कुठून हो?" ती म्हणाली, आणि वाकून तिनं आधी आपल्या मशीनखाली पाहिलं.