तंबूच्या दारातलं भूत

नंदुरबारच्या बाजारपटांगणात फिरत्या सिनेमाचा तंबू लागे, तेव्हा दारात एक म्हातारा असायचा. मिशा मेंदीने रंगवलेल्या, आणि इतक्या लांब की वारा सुटला की तंबूच्या दोरांत अडकत. नाव मी कधी विचारलं नाही. भुताचा विनोदी खेळ आला, तेव्हा कुठलं पोर आत सोडायचं हे तोच ठरवी. कंदील हनुवटीखाली धरायचा, पापण्या उलट्या करायच्या आणि पोरासमोर एकदम ओरडायचं. रडलं ते पोर घरी.

माझी धाकटी लेक आठवडाभर खेळासाठी हट्ट धरून होती. ती रात्री दचकली तर मीच निजवायची, असं बायकोने बजावलं होतं. मी बिनधास्त होतो. काठी गावच्या जंगलात वाघाला नुसतं खाकरून पळवलेला माणूस मी!

म्हातारा ओरडला. लेक दचकली, मग खदखदून हसली.

“कसाले हासनी, माय?” म्हाताऱ्याने तिला विचारलं.

“काठीनी होळीमा तुन्हापेक्षा मोठलं सोंग ऱ्हास, बाबा!”

“जाऊ द्या हिले मझार,” तो तंबूच्या आत हात दाखवत म्हणाला. “जे पोर घाबरीसन हासस, त्याले काही होत नही.” मग त्याने दाराजवळच्या शेंगदाण्यांच्या टोपलीकडे पाहिलं. तिच्यात मी पडलो होतो. “भाऊ, तुम्ही मात्र पोरनं बोट धरीसनच जा.”

मी धरलं. पडद्यावरचं भूत कसं होतं ते मला विचारू नका. लेक इतकं गोड हसत होती, की ते नीट ऐकू यावं म्हणून मी शेवटपर्यंत डोळे मिटून बसलो होतो.