खालच्या थरातले सेल

आमच्या ह्यांच्यासमोर बॅटरीचा विषय काढायचा म्हणजे तासाभराचं व्याख्यान ऐकायची तयारी ठेवावी लागते. मारेगावात ह्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की ती ह्यांच्याकडे येते, हे आतली काळी पडलेली तार उपसून नवी भरून देतात. तीस वर्षं हेच काम. त्यामुळे वीज म्हणजे आपल्या गोठ्यातली म्हैस, असा ह्यांचा समज आहे. मी मध्ये काही बोलले की "तुले त्यातलं काय समजते?" हे ठरलेलं. म्हणून यवतमाळच्या भर दुकानात, दहा-बारा माणसांसमोर, ह्याच माणसानं जे म्हटलं ते मी मरेपर्यंत विसरायची नाही, आणि तुम्हाला सांगितल्याशिवायही राहायची नाही.

सगळं सुरू झालं ते अंडी उबवायच्या मशीनवरून. मशीन आमच्या बचत गटाचं. कपाटाएवढं, दोनशे अंडी मावतात. त्यात गावरान पिल्लं काढायची आणि गटातल्या सोळा बायकांनी ती आपापल्या अंगणात वाढवायची, असं ठरलं होतं. मशीन ठेवायचं कुणाच्या घरी यावर तीन बैठका भांडणात गेल्या. शेवटी आमच्या पत्र्यावर दुकानासाठी चार सोलर प्लेटा बसवलेल्या होत्या, म्हणून ते माझ्याकडे आलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं. लग्नापासून मी कापूस वेचला, सोयाबीन सोंगलं, ह्यांच्या दुकानाचे डबे भरले; पण हे काम माझं होतं. माझ्या नावाचं.

अंड्याला एकवीस दिवस सारखी ऊब लागते. पहिल्या खेपेला अठराव्या दिवशी वाऱ्यानं कुठंतरी तार तुटली आणि दीड दिवस लाईट नव्हती. दिवसा प्लेटांवर कसंबसं चाललं. ऊन उतरल्यावर मी मशीनवर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. दोनशे अंड्यांतून अकरा पिल्लं निघाली. आमच्या गटाची अध्यक्षीण जिभेची लय तिखट. ती म्हणाली, "अकरा पिल्लं सोळा जणीत कशी वाटाची वं? मुंडकं एकीले न् तंगडी एकीले?"

तेव्हा ह्यांनी जाहीर केलं, "लिथियम घेऊ. ते जुन्या पाण्याच्या बॅटऱ्यांचं काम नाही हे." दुसऱ्या दिवशी यवतमाळला गेले आणि दिवस बुडायच्या आत खोकं घेऊन आले. खोक्यात आठ सेल. एकेक सेल विटेएवढा, निळ्या कातडीचा, दोन किलोच्या आसपास वजनाचा. चार वरच्या थरात, चार खालच्या थरात, मध्ये पुठ्ठा. आठही एकाला एक जोडले की चोवीस व्होल्टची बॅटरी होते, दिवसा प्लेटांनी भरायची आणि लाईट गेली की वापरायची, एवढं मलाही कळलं.

"दुकानदारानं खोकं उघडून दाखवलं," हे सांगत होते. "मी मीटर लावून पाह्यला. एकूण एक सारखे. जुये भाऊ जसे!"

"खालचे पाह्यले का?"

"पॅक माल आहे तो. कायले पाहाचं खालचं?"

मी पुठ्ठा उचलला. वरच्या चार सेलांच्या माथ्यावर, सेल कधीचा ते मोबाईलनं वाचायचा काळा-पांढरा चौकोन स्वच्छ होता. खालच्या चारांवरचा खरवडलेला होता, कुणी ब्लेड फिरवल्यावाणी.

"हे असं काहून?"

"घासलं असंल गाडीत." ह्यांनी मीटरच्या सुया टेकवल्या. "हे पाय, काटा सारखाच दाखवते. तुले त्यातलं काय समजते?"

आणि मी गप्प बसले. खरं सांगते, राग मला ह्यांचा कमी आणि माझाच जास्त येतो. डोळ्यांना दिसत होतं, मनाला पटत नव्हतं, तरी तीस वर्षांच्या मीटरपुढे मी तोंड मिटलं.

दुसरी खेप लावली. सातव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात अंडी धरून पाहिली, तर आत लाल शिरा पसरलेल्या, मधोमध बारीक ठिपका हलत होता. एवढा आनंद मला माझ्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. सतराव्या दिवशी दिग्रसला भाचीचं लग्न होतं. हे म्हणाले, बॅटरी आहे, खुशाल चल. थंडीचे दिवस होते. आम्ही एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. दार उघडलं, मशीनला हात लावला, आणि हात तसाच मागं घेतला. मशीन थंडगार होतं. शेजारणीनं सांगितलं, काल दिवेलागणीला लाईट गेली ती सकाळीच आली. रात्रभर चालायची बॅटरी तासाभरात बंद पडली होती, आणि तिच्यापायी इन्व्हर्टरही बंद पडल्यानं लाईट आल्यावर मशीन पुन्हा चालू झालं नव्हतं. खालच्या थरातले दोन सेल पोट फुगवून बसले होते.

मी रडले. अंगणात खड्डा खणून अंडी पुरताना मोठ्यानं रडले, कुणी ऐकलं असेल तर ऐकलं असेल. हे बाजूला उभे राहून कुदळ मारत होते.

अध्यक्षीण दुसऱ्याच दिवशी आली. या वेळी तिनं टोमणा मारला नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "हे पाय, बायका थांबाले तयार नाहीत. मी यवतमाळच्या पोल्ट्रीवाल्याले पिल्लं सांगून ठेवून राह्यली. तुयी तिसरी खेप निघाली त ठीक. नाही निघाली त त्याची गाडी येईन, अन् मशीन दुसऱ्या गटाले देऊन टाकू. वाईट नको मानू." वाईट कसं नको मानू! पण तिचं चुकलं नव्हतं, हेही मला कळत होतं.

त्या आठवड्यात आमच्या घरात दोन माणसं दोन कोपऱ्यांत बसून विचार करत होती. हे दुकानात त्या सेलांशी खेळत बसले. मी चुलीपुढे बसले होते आणि मला माझे वडील आठवत होते. दिग्रसच्या बाजारात आमची कापसाची गाडी उभी राहिली की मी वर बसलेली असायची. व्यापाऱ्याचा माणूस यायचा, वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे बघायचासुद्धा नाही. तो सरळ गाडीच्या बुडाशी हात घालायचा, खांद्यापर्यंत, आणि तळातली मूठ बाहेर काढायचा. ओला आहे का, पिवळा आहे का, किडकी कवडी आहे का, ते तिथं कळायचं. भाव त्या मुठीवर. काही शेतकऱ्यांना याचा राग यायचा. माझे वडील मात्र म्हणायचे, "घाल भौ, दोन्ही हात घाल." कारण आमचा कापूस वर होता तसाच खाली असायचा.

मी चुलीपुढून उठले. अरे बाप्पा, हे खोकं म्हणजे गाडीच की! आणि आपण वरचा कापूस पाहून घरी आलो.

मी दुकानात जाऊन हे सांगितलं. मला वाटलं, आता "तुले काय समजते" येणार. पण ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मायं बी चुकलं. हे सेल रिकामे होत आले तरी काटा जागचा हलत नाही. नुसता मीटर लावून काही समजत नाही. ओझं टाकून पाहा लागते." त्यांनी एक फळी दाखवली. तिच्यावर ट्रॅक्टरचे सहा मोठे दिवे बसवलेले. चार सेल जोडले की ते दिवे पेटतात, आणि पेटलेले असताना एकेक सेल मोजला की दमदार कोण आणि ढोंगी कोण ते उघडं पडतं. तीस वर्षं या माणसाबरोबर संसार केला, पण "मायं चुकलं" हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

यवतमाळच्या दुकानात आम्ही गेलो ते ती फळी, माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि जुनं खोकं घेऊन. दुकानदारानं खोकं पाहिलं आणि आमच्याआधी तोच बोलला, "ताई, पॅक फोडला की माल परत होत नसते."

"परत राहू द्या," मी म्हणाले. "आधी मले नवा दाखवा. खालच्या थरातला."

"ताई, हा काही कापूस नाही, गाडीत हात घालून पाहाले."

"कापूस नसंल भाऊ, पण माल तर आहे? जो वर आहे तोच खाली असंल, त तुम्हाले भ्याचं काय काम?"

बाजूला चार गिऱ्हाईकं उभी होती. ती हसली. दुकानदारानं नाइलाजानं खोकं फोडलं, पुठ्ठा उचलला. वरच्या चौकोनांवर मोबाईल धरला, वाचले. खालच्यांतले दोन खरवडलेले. मी काटा मांडला. सेलाच्या कागदावर वजन छापलेलं असतं. वरचे बरोबर भरले. ते दोन मूठभर पोह्यांइतके हलके भरले.

"आता दिवे लावा," मी ह्यांना म्हणाले.

ह्यांनी आधी वरचे चार जोडले. सहाही दिवे भरदुपारी असे पेटले की रस्त्यावरचे दोन ऑटोवाले आत डोकावले. ह्यांनी एकेका सेलाचा आकडा मोठ्यानं वाचला. चारही ठाम. मग खालचे जोडले. दिवे पेटले, आणि थोड्या वेळात पिवळे पडायला लागले. खरवडलेल्या दोघांचा आकडा उतरत होता, बाकी दोघे जागेवर. आता दुकानात दहा-बारा माणसं जमली होती. दुकानदाराचा चेहरा उतरला. तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "खरं सांगतो ताई, मलेच मागून असा माल आला. मी कधी खाली पाह्यलंच नाही." मला ते खरं वाटलं. घरी माझ्याकडे असाच एक माणूस होता.

मग त्यानंच एकामागून एक खोकी फोडायला घेतली. पाच खोक्यांतले सगळ्यात दमदार आठ सेल आम्ही निवडले: चौकोन वाचला गेला, वजन भरलं, दिव्यांपुढे टिकला, तरच आमचा. जुने आठ त्यानं मुकाट्यानं मागं ठेवून घेतले. निघताना गर्दीतल्या एकानं ह्यांना विचारलं, "काका, आपल्यालेबी घराले बसवाची आहे. सेल घेताना काय काय पाहाचं?" ह्यांनी सवयीनं तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्यातलं मले नका विचारू भाऊ. बायकोले विचारा."

आणि मी सांगितलं! चांगली अर्धा तास सांगत होते. चहा दुकानदारानं पाजला.

तिसऱ्या खेपेच्या एकविसाव्या दिवशी मी एक आगाऊपणा केला. पिल्लं निघायच्या आधीच गटातल्या सगळ्या जणींना घरी बोलावलं. हे म्हणाले, "काहून उगाच? निघू त दे आधी." पण पोल्ट्रीवाल्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती आणि नको असेल तर आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. जे व्हायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होऊ दे, म्हटलं.

दुपारी बायका आल्या, मशीनसमोर चटईवर बसल्या. चार अंड्यांना बारीक टीच गेलेली दिसत होती, बाकी सगळी गुळगुळीत. पाऊण तास झाला. एक जण जांभई द्यायला लागली. आणि गल्लीच्या टोकाची पिठाची चक्की घरघरत होती ती एकाएकी थांबली.

चक्की थांबली म्हणजे लाईट गेली, हे आमच्या गल्लीत लहान लेकरालाही कळतं. सोळा माना एकदम मशीनकडे वळल्या. आतला दिवा जळतच होता. पंखा फिरत होता. काट्यावरचा उबेचा आकडा तसूभरही हलला नाही. "इन्व्हर्टरवर आहे का?" अध्यक्षिणीनं हळूच विचारलं. मी मान हलवली.

अर्धा तास गेला. तास गेला. चक्की बंदच. ढग आले, प्लेटांवरचं ऊन गेलं. सगळं ओझं आता त्या आठ सेलांवर होतं. हे दुकान टाकून आले आणि दारात उभे राहिले. आणि मग पहिल्या अंड्याचं टोपण उडालं. ओलं, कुरूप, लटपटणारं पिल्लू बाहेर पडलं आणि बोंबलायला लागलं. "माय वं!" कुणीतरी ओरडलं. त्याच्या आवाजानं की कशानं, दुसरं फुटलं, तिसरं फुटलं, मग मोजायलाच जमेना. चिवचिवाटानं मशीनची काच थरथरायला लागली. बायका एकमेकींच्या अंगावरून वाकून पाहत होत्या. मी जिंकले होते, आणि हे मला सगळ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

पिल्लं सुकायला रात्र जाते, उद्या टोपल्या घेऊन या, असं मी सांगितलं. पण कुणी उठेना. अध्यक्षीण तेवढी उठली, मोबाईल कानाला लावून दारापर्यंत गेली. आतल्या कालव्यात तिला ऐकू येईना, म्हणून ती चांगली ओरडून बोलली.

"भाऊ, उद्याची गाडी पाठवू नका. नाही, पुढं बी नाही लागत. आमच्या गावात निघतात आता."