चाचांच्या दुकानातलं हॉलंड

वारंगा फाट्यावर ट्रक आणि दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटर चाचांकडे मी तैलरंग शिकायला गेले, तेव्हा जवळच्याच शाळेत माझी बदली झाली होती. फ्लेक्स आल्यापासून चाचांचं काम जवळजवळ बंदच. दुकानात एक खाट, वाळलेल्या रंगांचे डबे आणि भिंतीवर हॉलंडमधल्या कुण्या जुन्या उस्तादाच्या चित्राची छापील प्रत. सपाट रान, नदी, तीन गाई आणि वर भलंमोठं राखाडी आभाळ. तरुणपणी ती हैदराबादहून आणून, पुन्हा पुन्हा उतरवून त्यांनी हात तयार केला होता.

"मॅडम, आधी हेच उतरवा. तुमच्या मनातलं मंग."

मला मनातलंच आधी हवं होतं. धीर माझ्याकडे औषधालाही नाही. तरी मुकाट्यानं कॅनव्हासवर चौकटी आखल्या आणि शाळा सुटली की तिथं बसू लागले.

चाचा कॅनव्हासला नाक लावून बघायचे. "डाव्या अंगाची गाय मोठी झाली. नदी चढून राहिली, उतरवा तिला. आभाळ निळं काहून केलं?" प्रत्येक चूक बराबर पकडायचे. मी चिडायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. खरं तर मला त्यांचं ते बोलणं फार आवडायचं.

त्यांना काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीचाही भरवसा नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं: त्यांना दिसतंय तोवर चित्र पुरं करायचं. इतक्या मायेनं शिकवणाऱ्या माणसाला ते बघायला तरी मिळावं.

म्हणून शेवटी, रात्रीही रंगवता यावं यासाठी कॅनव्हास घरी आणला. चाचांनी दिलेलं, रंग लवकर वाळवणारं कढवलेलं जवसाचं तेल संपलं. ते मागायला जाण्याइतकाही धीर मला कुठला! स्वयंपाकघरातलं घाण्यावरचं जवसाचं तेल रंगात सढळ हातानं ओतलं. जवस ते जवस. अतिघाई संकटात नेई, हे मी पोरांकडून फळ्यावर लिहून घेते.

आठ दिवस झाले तरी रंग बोटाला चिकटे. वाळावा म्हणून चित्र ओसरीत उन्हाला ठेवलं आणि शाळेत गेले. त्याच दिवशी समोरच्यांनी हळद पॉलिश करायला ड्रम लावला. संध्याकाळी येऊन बघते तर ड्रममधून उडालेली पूड ओल्या रंगाला चिकटून सगळं आभाळ पिवळंधमक. पुसायला गेले तर हळद आणखीच आत बसली. मी चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी चित्र तसंच चाचांपुढे नेलं, बोलणी खायच्या तयारीनं. त्यांनी ते दारातल्या उजेडात धरलं, नाक लावून बराच वेळ बघितलं.

"आता आभाळ बराबर राखाडी झालं," ते म्हणाले.

मी त्या पिवळ्या आभाळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"चाचा, कधीपासून दिसत नाही?"

त्यांनी चित्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "दिवाळीपासून, तुमी यायच्या आधीच. उजेड तेवढा कळते."

"मग गाय मोठी झाली हे कसं कळलं?"

"माझी गाय बी दर खेपेला मोठी व्हायची. नदी चढायची. आभाळ निळं व्हायचं. मी चुकलो तिथंच तुमी चुकणार, हे ठाऊक होतं."

माझ्यानं राहवलं नाही. तेलाचं, ड्रमचं, हळदीचं सगळं सांगून टाकलं. चाचा खोकला येईपर्यंत हसले.

"हळद! अशी चूक तर मी कधी केली न्हाई. बाकी सगळ्या माझ्या, ही एक तुमची सोताची. सही करा खाली."

मी ब्रश घेतला, सही केली. कुठं केली ते त्यांचं बोट धरून दाखवावं लागलं.