सोडियमच्या दिव्यात डाळिंबी

अशा गोष्टींवर माझा कधीही विश्वास नव्हता. सोलापुरात भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. लिहितो आहे ते एवढ्यासाठीच, की आमचे साडू अक्कलकोटात "मास्तरांचा दिवाच बिघडलेला होता" असे सांगत फिरतात. दिवा बिघडलेला नव्हता.

गेल्या दिवाळीत साखर पेठेतील आमच्या घरी दुपारी मुलगी, जावई आणि हे साडू जेवायला होते. साडू म्हणजे सौ.च्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेतून निवृत्त, सासरी सर्वांचे लाडके. त्यांच्या गप्पांना सौ. फारच हसत होती... मी म्हटले, चला, एक प्रयोग दाखवतो.

खिडकीला काळा कागद मी स्वतः चिकटवला. सोडियमच्या दिव्यात पिवळ्यावाचून दुसरा प्रकाश नसतो. लाल वस्तू प्रकाशातला लाल भाग परत पाठवते. तो भागच नसेल तर पाठवणार काय? शेजारच्या हातमागावरून आणलेल्या रंगीत सुताच्या लडी मी पिशवीतून न पाहता काढत गेलो. सर्वांचे उत्तर एकच — काळपट, मळकट. सौ.चेही.

तेवढ्यात साडू म्हणाले, "मास्तर, दमलासा की. आणा हिकडं." त्यांनी पिशवीतून एक लड काढून समोर धरली.

"डाळिंबी," सौ. सहज म्हणाली.

पुढची मोरपंखी. त्यापुढची जांभळी. खिडकी उघडून पाहिले, तिन्ही बरोबर.

पुन्हा अंधार केला, लडी मिसळल्या. एक मी धरली — "मळकट." तीच साडूंच्या हाती दिली — "डाळिंबी."

जावई म्हणतात, फटीतून ऊन आले असेल. ते नेमके साडूंच्याच हातावर पडत होते काय? मुलगी म्हणते, आईने अंदाज केला. साडूंनी खूण केली, असे म्हणायला मला आवडले असते. पण त्यांनाही रंग दिसत नव्हते. दिवा मी त्याच संध्याकाळी लोलकातून तपासला — पिवळी रेघ, बाकी काही नाही.

सगळे गेल्यावर सौ.ला विचारले. ती ताटे पुसत होती.

"अहो, भाऊजींच्या हातात दिसला, तुमच्या हातात नाही दिसला. त्याला मी काय करू?"

ती खोटे बोलत नव्हती. सलते ते तेच.

स्पष्टीकरण माझ्यापाशी आजही नाही. एका निरीक्षणावर विसंबू नये, प्रयोग पुन्हा करावा, हे मी वर्गावर्गांतून सांगितले. साडू पुन्हा यायला तयार आहेत, सौ.नेही एक-दोनदा सुचवले.

दिवा मी माळ्यावर टाकला आहे.