मावशी, पाणी गेलं!

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीतली मावशी कुणाच्या कानात काही सांगायला लागली, की कोपऱ्यावरचा चहावाला उत्तर द्यायचा. एवढा तिचा आवाज! ती सुके बोंबील विकायची. मी शेजारीण. काम आटोपलं की तिच्या टोपलीजवळ जाऊन बसायचे, पण तोंड उघडायचे नाही. म्हणून तिनं माझं नाव ‘मुकी’ ठेवलं होतं.

‘‘एवढं कशाला वरडती गं?’’ असं कुणी म्हटलं की म्हणायची, ‘‘होडीला हाक मारायची सवय हाय. हळू बोलले असते तर बाप पल्याड निघून गेला असता.’’

तिचं माहेर कोकणात. दोन डोंगरांच्या मधे समुद्र आत शिरलेला आणि काठाला कोळ्यांची मूठभर घरं. मागच्या साली तिथं तिचा भाऊ एकटा पडला. ‘इथंच येऊन राहा’ म्हणाला. मावशी म्हणाली, ‘‘बघून ठरवते. मुके, चल संगं.’’

मी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. आनंदानं जेवण जाईना. फक्त एक धाकधूक होती, ही तिथंच राहिली तर?

संध्याकाळी पोचलो. पाणी घरांच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं, होड्या डुलत होत्या. आणि गंमत म्हणजे तिथं सगळेच मावशीसारखे ओरडून बोलत होते! मला हसू आवरेना.

सकाळी बाहेर येऊन पाहते तर पाणी गायब. होड्या चिखलात आडव्या. आमच्याकडं एकदा पाणी गेलं की टँकरच यावा लागतो. मी बोंबललेच, ‘‘मावशी, पाणी गेलं!’’

जाळी शिवणाऱ्या बाया हसून लोळल्या. ‘‘गेला नाय गो, ओहोट हाय. येल परत!’’ मावशी म्हणाली आणि भावाला ओरडली, ‘‘दादूस, मुकी बोलली रे!’’

दुपारी पाणी खरंच आलं. बसलेली गुरं उठावीत तशा होड्या एकेक उठल्या. मी टाळ्या पिटल्या. मावशी भावाशेजारी उभी राहून होड्यांना हाका मारत होती. तिथं तिला कुणी ‘हळू’ म्हणत नव्हतं. तेव्हाच मी ओळखलं.

मी परतीच्या एसटीत बसताना ती पहिल्यांदा हळू बोलली. मलाच ऐकू जाईल इतकं. ‘‘मी राहते गो. रडू नको. ओहोटच हाय ही.’’

आता तिचा फोन आला की मी दारात उभी राहून, गल्ली ऐकेल अशी ओरडते, ‘‘मावशी, पाणी आलं का?’’

‘‘आला! तुमच्या नळाला?’’