बाकावरचा अर्धा तास

भर दुपारी दोन सख्खे भाऊ एकाच टेम्पोतून आमच्या दवाखान्यात आले. जळकोटच्या बाजूचा छोटा सरकारी दवाखाना, डॉक्टर मी एकटीच, ॲम्ब्युलन्सही एकच. दोघांची शेताच्या बांधावरून जुंपली होती. थोरल्यानं कुऱ्हाड घातली होती आणि धाकट्याचं डोकं कपाळापासून कानापर्यंत उकललं होतं. रक्तानं न्हालेला तो अखंड शिव्या देत होता. थोरल्याच्या अंगावर मात्र साधा ओरखडा नव्हता.

त्याला बघून माझं टाळकंच सरकलं. "बाकावर बस गुमान, तुझ्याकडं पोलीस बघतील!" मी ओरडले. तो पोट धरून बसला. ते मला दिसलं होतं. नाटकं करतोय, असं मी मनात म्हटलं.

अर्धा तास मी धाकट्याचं डोकं शिवत होते. बाहेर धाकट्याच्या बाजूची वीसेक माणसं दार बडवत होती. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, त्यो बाकावरचा सारखं पाणी मागायलाय. लई घामाघूम झालाय."

मी त्याची नाडी धरली. ती नुसती धावत होती, हाताला जेमतेम लागत होती. कपाटाचं कुलूप काढून मुठीत मावणारं सोनोग्राफीचं मशीन आणलं, मोबाईलला जोडलं आणि त्याच्या डाव्या बरगडीखाली टेकवलं. पडद्यावर जाड काळा पट्टा दिसला. पोटात साठलेलं रक्त तिथं काळंच दिसतं. आत प्लीहा फुटली होती.

"कशानं लागलं?"

"खाली पाडून लाथा घातल्या धाकल्यानं," तो पुटपुटला.

धाकट्याला टाके पुरेसे होते. थोरल्याला ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ते लातूरलाच होणार होतं. "ॲम्ब्युलन्समधून आधी हा जाईल," असं मी बाहेर सांगताच भडका उडाला.

"कुऱ्हाड घालणाऱ्याला आधी नेता व्हय?"

"बायांची मशीन लावली त्याच्या पोटाला. गरवार हाय का त्यो?"

कुणीतरी हसलंसुद्धा. मग माझ्या कानशिलात बसली. त्यांनी थोरल्याचं स्ट्रेचर उलटं केलं आणि खाली पडलेल्याच्या त्याच पोटात आणखी एक लाथ घातली. मी सलाइनचा स्टँड उचलून फिरवला. तो कुणाच्या तरी तोंडावर बसला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्या दोघांची आई भिंतीला टेकून उभी होती. मी मोबाईल तिच्यासमोर धरला. "मावशी, हे काळं म्हणजे रक्त आहे. आत्ता नेलं नाही तर हा मरेल."

तिनं एकदाच पडद्याकडं बघितलं. पायातली चप्पल काढली आणि वाट मोकळी होईपर्यंत दिसेल त्याला हाणलं.

ॲम्ब्युलन्स सुटली. लातूर यायच्या आधीच तो गेला.

आठ-दहा दिवसांनी पोलीस धाकट्याला टाके काढायला घेऊन आले. मागून आई आली. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"समदे माझ्या थोरल्याला हैवान म्हणले, बाई. तुम्ही तेवढं माणूस समजून बघितलं त्याच्याकडं."

मला तिच्याकडं बघवेना. मी धाकट्याचे टाके काढायला घेतले. ती बाहेर जाऊन त्याच बाकावर बसली. अर्ध्या तासाचं तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, आजवर कुणालाच नाही.