अण्णांची मस्कतची बोली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — मलाच नीट कळत नाही.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्याचा मला अभिमान आहे, खोटा विनय मला जमत नाही. फी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी भरली, मस्कतला एका अरबाच्या घरी ड्रायव्हर म्हणून राबून. ऑफिसात मात्र मी सांगितलेलं — वडिलांचा तिकडे ट्रान्सपोर्टचा बिझनेस होता. कुणी विचारलंही नव्हतं. मग का सांगितलं?

आयटीवाले लाटेनं जपानला येत होते, त्या दिवसांतली गोष्ट. मीही त्यातलाच. इथल्या ग्योतोकु नावाच्या उपनगरात घर घेतलं, अण्णांना महिनाभर बोलावलं. इथे ते मुकेच झाले. नात जपानीत उत्तर द्यायची, शेजाऱ्यांपुढे अण्णांना नुसती मान लववावी लागायची. आणि मस्कतची बोली तर ते झोपेतही बोलायचे! पुस्तकी अरबी नव्हे — बाजारात, गॅरेजात, मालकाच्या दारात कानांनी उचललेली.

नेमके तेव्हाच मस्कतचे एक क्लायंट आले. आमचे मॅनेजर मोरी-सान म्हणाले, वडिलांनाही जेवायला आण, पाहुण्यांना बरं वाटेल. अण्णा दुपारपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आणि मी — स्टेशनवर, गाडीची वाट बघताना — म्हणालो, "अण्णा, तिथे अरबी बोलू नका."

त्यांनी कारण विचारलं नाही. दोन वाक्यांत पाहुण्याला कळलं असतं, ही मालकाची भाषा नव्हे, ड्रायव्हरची आहे. अण्णांना ते सांगावं लागलं नाही.

पाहुणा अदबशीर. त्यांच्याकडची रीत अशी — भेटल्यावर आधी तब्येत, मग घरचे, मग गावाकडची खबर. आणि समोरच्यानंही तसंच विचारायचं. अण्णांचा हात हातात धरून तो विचारत राहिला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेनूकार्ड चाळत होतो.

"नो अरेबिक," अण्णा म्हणाले.

वडिलांचं सगळं काम इंग्रजीत चालायचं, असं मी हसून सांगितलं. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. जेवण संपेपर्यंत ते भाताच्या वाडग्याकडे बघत बसले.

परतताना एवढंच म्हणाले, "घरच्यांची खुशाली विचारत होता रे तो. खुशालीला कुणी गप्प राहतं का?"

पुढे मी गावी, दापोलीला गेलो असतानाही मस्कतच्या जुन्या सोबत्याचा फोन आला, की अण्णा माझ्यासमोर बोलत नसत. उठून पडवीत जायचे, दार ओढून घ्यायचे. दाराआडून त्यांचं हसणं ऐकू यायचं — मोठ्यानं, मोकळं. इथेच बसून बोला, असं मी एकदाही म्हणालो नाही. ते गेले त्या वर्षीसुद्धा नाही.